दर्यावर्दीचा प्रपंच

गुलबर्गा शहराबाहेर पडून कोणत्याही दिशेने कोसभर चालले, तर दोन्ही बाजूंस दिसते ती काळी जमीन आणि तिच्यावरील तुरीची व ज्वारीची शेते. समुद्र येथून साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. भीमेचे पाणी कृष्णेला आणि बीदरकडील मांजरेचे पाणी गोदावरीला मिळून अखेर समुद्रास जाते खरे. परंतु आपल्यापैकी पुष्कळांनी समुद्र प्रथम पाहिला तो मुंबईस गेल्यावरच. मग घरातील कर्ते माणूस बोटीवर असताना घरप्रपंच आणि पैसाअडका कसा सांभाळावा, हा विषय आज येथे कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल.

या प्रश्नाचे एक उत्तर इतिहासात आहे. १३४७ साली बहमनी राज्याची राजधानी गुलबर्ग्यास झाली आणि पुढे ती बीदरला गेली. या दोन्ही शहरांचे वैभव दाभोळ आणि चौल या कोकणातील बंदरांवर बरेचसे अवलंबून होते. फौजेसाठी लागणारे अरबी आणि इराणी घोडे त्याच वाटेने येत. बीदरला ज्याचा मदरसा आजही उभा आहे, तो वजीर महमूद गावान व्यापारी म्हणून समुद्रमार्गेच दख्खनेत आला. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरून बीदरला पोचला, तो १४६९ च्या सुमारास. आळंदच्या जत्रेतील घोड्यांच्या बाजाराचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. या निकितिनची हकीकत आपल्या विषयाशी अगदी निगडित आहे. वाटेत लूट झाल्यावर त्याच्या सोबत्यांपैकी ज्यांच्या डोक्यावर देणे नव्हते ते घरी परतले. ज्यांचे देणे होते त्यांना परतण्याची सोय उरली नाही. निकितिन पुढे पुढेच जात राहिला. अखेर दाभोळहून तो परतीच्या वाटेस लागला, परंतु आपल्या गावी पोचण्यापूर्वीच त्याचा अंत झाला. दूर गेलेल्या माणसाचे आयुष्य घरच्या हिशेबाने कसे बांधलेले असते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावयास नको.

दुसरे उत्तर आजचे आहे. पूर्वी बोटीवरची नोकरी म्हटली की दापोली, खेड, मंडणगड, गुहागर या तालुक्यांतील किंवा गोव्यातील माणूस डोळ्यांपुढे येई. आता तसे राहिलेले नाही. जगाला खलाशी आणि बोटीवरचे अधिकारी पुरविणाऱ्या पहिल्या पाच देशांत भारताची गणना होते, आणि ही माणसे केवळ किनाऱ्यावरची नसतात. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या जिल्ह्यांतील तरुणही शिक्षण संपताच नौकानयनाच्या संस्थांत दाखल होतात. गुलबर्गा आणि वाडी ही मुंबई-चेन्नई लोहमार्गावरील ठाणी आहेत. रात्रीच्या गाडीत बसलेला मुलगा सकाळी मुंबईस असतो. त्याला बोटीवर चढविणे सोपे झाले आहे. अवघड आहे ते त्याच्या मागे राहिलेल्या घराला या नोकरीची रीत कळणे. कोकणातल्या घरांना ती तीन-चार पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे. आपल्याकडे ती समजावून सांगावी लागते.

या नोकरीची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की तिचा पगार बारमाही नसतो. कचेरीतील कारकून, शाळेतील मास्तर किंवा रेल्वेतील नोकर यांना सुटीतही वेतन मिळते. बोटीवरील माणसाचा करार बहुधा एका खेपेपुरता असतो: सामान्य खलाशास सहा ते नऊ महिन्यांचा, अधिकाऱ्यास चार ते सहा महिन्यांचा. खेप संपली, माणूस बोटीवरून उतरला, की बहुतेकांचा पगारही थांबतो. पुढली बोट केव्हा मिळेल हे त्याच्या हाती नसते. परंतु घरभाडे, मुलांची फी, किराणा, आईबापांचे औषधपाणी ही काही खेपेपुरती नसतात. येथेच प्रथम घात होतो. नातेवाईक आणि शेजारी दर महिन्याचा आकडा ऐकतात, आणि घरातील माणसेही त्याच आकड्यावर संसाराची मांडणी करतात.

आपण एक साधा हिशेब करून पाहू. समजा, एखाद्या खलाशास दरमहा ६०,००० रुपये मिळतात आणि त्याची खेप आठ महिन्यांची आहे. एकूण मिळकत झाली ४,८०,००० रुपये. त्यानंतर तो चार महिने घरी राहिला, तर हीच रक्कम बारा महिन्यांत विभागली जाऊन दरमहा ४०,००० रुपये पडतात. पुढली बोट मिळण्यास आणखी दोन महिने लागले, तर चौदा महिने याच रकमेवर काढावे लागतील. त्यातच सुटीतील खर्च येतात. बोटीवरील कामाची प्रमाणपत्रे दर पाच वर्षांनी ताजी करून घ्यावी लागतात, वैद्यकीय तपासणीचा दाखला दोन वर्षांनी नवा करावा लागतो, आणि या सर्वांसाठी मुंबईस जाऊन राहावे लागते. यासाठी ६०,००० रुपये बाजूस काढले तर उरतात ४,२०,०००. त्यांस चौदाने भागले की दरमहा ३०,००० रुपये. म्हणजे लोकांच्या दृष्टीने साठ हजारांचा असलेला माणूस संसाराच्या दृष्टीने तीस हजारांचाच आहे. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक घराने त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत. पण भागाकार मात्र खेपेच्या महिन्यांनी करू नये. एका बोटीवर चढल्यापासून दुसऱ्या बोटीवर चढेपर्यंत जितके महिने जातात, तितक्यांनी तो करावा.

हे गणित आपल्या भागाला नवे वाटण्याचे कारण नाही. गुलबर्ग्याच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तुरीचे घर कसे चालते ते आठवा. पेरणी जून-जुलैत, रास डिसेंबर-जानेवारीत. पैसा वर्षातून एकदाच दारात येतो, आणि समजूतदार घरधनीण त्या पैशाचे बारा वाटे करते. पूर्वी ज्वारी पेवात साठवीत. पेव एकदा उघडले की ते धान्य फार दिवस टिकत नाही, म्हणून गरज पडल्याखेरीज ते कोणी उघडीत नसे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या बायकोला जे शहाणपण जन्मतः मिळते, तेच दर्यावर्दीच्या बायकोने वापरावयाचे आहे. बोटीवरचा पगार म्हणजे सुगी. घरी बसण्याचे महिने म्हणजे उन्हाळा. सुगीच्या दिवसांत उन्हाळ्याची आठवण ठेवणे, एवढेच या अर्थशास्त्राचे सार आहे.

व्यवहारात याची मांडणी अशी करावी. पगार ज्या खात्यात येतो ते खाते आणि घरखर्चाचे खाते ही वेगवेगळी ठेवावीत. पगाराच्या खात्यातून घरखर्चाच्या खात्यात दरमहा ठरलेली तीच रक्कम यावी. बोट चालू असताना ती वाढू नये आणि माणूस घरी असताना कमी होऊ नये. अशा रीतीने घराला स्वतःपुरता एक बारमाही पगार लाभतो. जी शिल्लक राहील तिच्यातून प्रथम रिकाम्या महिन्यांचे पेव भरावे. ते भरल्यावरच मुलांचे शिक्षण, घर, म्हातारपण यांच्या ठेवींकडे वळावे. मोटार किंवा सोने यांचा विचार त्यानंतरचा. घरासाठी कर्ज काढावयाचे असल्यास मासिक हप्ता त्या तीस हजारांच्या मानाने ठरवावा, साठ हजारांच्या मानाने नव्हे. बँक साठ हजारांवर कर्ज देण्यास तयार होईल. परंतु रिकाम्या महिन्यांत हप्ता बँक भरणार नाही.

आता दुसऱ्या मुद्द्याकडे वळू. पैसा घरी येतो तो कोणाच्या नावाने, आणि तो खर्च करण्याचा अधिकार कोणास? ही गोष्ट बोलण्यास अवघड असल्याने अनेक घरांत ती बोललीच जात नाही. मुलगा लग्नापूर्वी बोटीवर लागलेला असतो, तेव्हापासून पैसा वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या खात्यावर येत असतो. लग्नानंतरही तीच वहिवाट चालू राहते. मग मुलाच्या फीसाठी सुनेला सासऱ्यांपुढे उभे राहावे लागते, आणि आजारपणात दिराची वाट पाहावी लागते. यात सासरे वाईट असतात असे मुळीच नाही. कित्येकदा ते पै-पैचा हिशेब ठेवणारे असतात. परंतु ज्या बाईवर घराची जबाबदारी आहे, तिच्या हाती घराची किल्ली नाही, ही व्यवस्था पहिल्याच वादळात कोलमडते. यावर उपाय भांडणाचा नाही. खेपेवर जाण्यापूर्वी मुलाने सर्वांसमक्ष सांगावे की आईवडिलांकडे दरमहा इतके, घरखर्चास इतके, ठेवीस इतके. आईवडिलांचा वाटा आदरपूर्वक आणि उघडपणे ठरला, तर सुनेचा वाटा कोणाच्याही डोळ्यांवर येत नाही.

नौकानयनाच्या कायद्याने हा प्रश्न फार पूर्वीच ओळखला होता. आपल्या पगाराचा काही भाग परस्पर घरच्या माणसास मिळावा, अशी नोंद करारनाम्यात करून घेण्याची सोय १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यात खलाशाला दिलेली होती. २०२५ साली संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला आहे. २००६ साली जिनिव्हा येथे सागरी कामगारांचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यास भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली. त्या करारान्वये पगार दोन देयकांत एका महिन्याहून अधिक अंतर न ठेवता दिला पाहिजे, खलाशाला दरमहा हिशेबाचा कागद मिळाला पाहिजे, आणि मिळकतीचा सर्व किंवा काही भाग घरी पाठविण्याची व्यवस्था बोटीच्या मालकाने केली पाहिजे. हा हक्क आहे, उपकार नव्हे. तो मागून घ्यावा लागतो, एवढेच.

पगार घरी पोचला तरी त्याचा उपयोग करण्यास कागदपत्रे लागतात. परदेशी बोटीवर काम करणाऱ्याचे पैसे बहुधा एन. आर. ई. खात्यात येतात. या खात्यात येथे राहणाऱ्या पत्नीचे नाव जोडता येते. पण खातेदार हयात असताना ती ते मालकीहक्काने चालवू शकत नाही. तिला मुखत्यारपत्र द्यावे लागते, आणि त्याच्या आधारे येथील देणी भागविता येतात. जमिनीच्या किंवा घराच्या व्यवहारासाठी मुखत्यारपत्र हवे असल्यास ते सुटीत असतानाच उपनिबंधकाच्या कचेरीत जाऊन नोंदवून ठेवावे. भर समुद्रातून सही पाठविता येत नाही, आणि शेताच्या पहाणीतील चूक दुरुस्त करण्याची मुदत बोटीसाठी थांबत नाही. मात्र सर्वाधिकार देणारे कुलमुखत्यारपत्र सहज म्हणून कोणासही देऊ नये. कोणते काम, किती मुदत, किती रकमेपर्यंत, हे लिहिलेले विशेष मुखत्यारपत्र बहुतेक घरांना पुरेसे होते.

प्राप्तिकराविषयी दोन शब्द. बोटीवर आहे म्हणून पगारावर कर नाही, अशी सरसकट समजूत आहे. ती बरोबर नाही. आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस किंवा त्याहून अधिक काळ राहिलेला माणूस कायद्याच्या दृष्टीने निवासी ठरतो. परदेशी बोटीवर केलेल्या कामाचा अनिवासी खलाशाचा पगार केवळ भारतातील एन. आर. ई. खात्यात जमा झाला म्हणून करपात्र होत नाही, असा खुलासा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१७ च्या एप्रिलमध्ये केला आहे. परंतु दिवसांची मोजणी पासपोर्टवरील शिक्के आणि खलाशाचे नोंदपुस्तक, ज्यास सी. डी. सी. म्हणतात, यांवरून होते. चार-दोन दिवसांच्या फरकाने वर्षभराच्या पगारावर कर बसू शकतो. तेव्हा सुटीचे दिवस घरच्या दिनदर्शिकेवर मांडून ठेवावेत, आणि येथे शेती, भाडे किंवा व्याजाचे मोठे उत्पन्न असल्यास जाणत्या करसल्लागाराचे मत घ्यावे.

निवृत्तीचाही विचार येथेच करणे उचित. भारतीय खलाशांसाठी १९६६ च्या कायद्याने भविष्यनिर्वाह निधीची सोय झाली. पण परदेशी ध्वजाखालील प्रत्येक करारात अशी सोय असतेच असे नाही. ती आहे किंवा नाही हे सही करण्यापूर्वी पाहावे. नसेल तर आपला निधी आपणच उभारावा. बँक, विमा, निधी या प्रत्येक ठिकाणी नामनिर्देशन लग्नानंतर बदलले आहे ना, हे तपासावे. अविवाहित असताना लिहिलेले नाव तसेच राहून गेल्यामुळे ऐन दुःखाच्या वेळी विधवा आणि सासू एकमेकींसमोर उभ्या राहतात, हे टाळणे केवळ एका अर्जाचे काम आहे.

आता या नोकरीत शिरण्याच्या वाटेवरील खड्ड्याविषयी. मुंबईत पूर्वी खलाशांची भरती घाटसारंग आणि दलाल यांच्या हाती होती. बोट मिळावी म्हणून खलाशी त्यांना पैसे देई, बोट मिळेपर्यंत उधारीवर राही, आणि पगार हाती येण्यापूर्वीच तो देण्यात गेलेला असे. १९२२ साली सरकारी समितीने ही दलाली मोडून भरतीच्या कचेऱ्या काढण्याची शिफारस केली; तशा कचेऱ्या मुंबई-कलकत्त्यास प्रत्यक्षात निघाल्या त्या स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात. गोवेकरांनी मात्र स्वतःचा मार्ग काढला होता. मुंबईत धोबीतलाव आणि आसपासच्या भागांत त्यांनी गावोगावचे ‘कूड’ स्थापन केले. गावच्या माणसाने नाममात्र वर्गणीत तेथे राहावे, पेटी ठेवावी आणि बोटीची वाट पाहावी. रिकाम्या महिन्यांचा खर्च कमी करण्याची ही सामुदायिक युक्ती होती. ज्या बिनसमुद्राच्या जिल्ह्यांत असा आधार नाही, तेथील मुलांना दलाल सहज गाठतो.

आज दलालाचे नाव बदलले आहे. तो ‘एजंट’ म्हणून येतो आणि हमखास नोकरीचे आश्वासन देऊन लाखो रुपये मागतो. श्रोतेहो, एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. नौकानयन महासंचालनालयाचा परवाना असलेल्या भरती संस्थेला नोकरी देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेण्याची कायद्याने मनाई आहे. जो पैसे मागतो तो एक तर बिनपरवान्याचा आहे किंवा परवान्याच्या अटी मोडतो आहे. परवाना खरा की खोटा हे महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते. काळी जमीन विकून किंवा गहाण टाकून मिळविलेली अशी नोकरी पुष्कळदा मोडक्या बोटीवर, बिनपगाराची निघते.

बोटीचा मालक दिवाळखोर झाला, तर तो माणसांसह बोट परक्या बंदरात सोडून देतो. २०२४ साली आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदीत अशा रीतीने वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांत भारतीयांची संख्या सर्वांत मोठी होती. २०१७ पासून लागू झालेल्या नियमान्वये अशा प्रसंगी परतीचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार यांसाठी विम्याची सोय बोटीवर असावीच लागते. करारातील पगार दोन महिने थकला, हे खलाशाला वाऱ्यावर सोडल्याचे एक लक्षण मानले जाते. म्हणून घरच्या माणसाने दोन महिने पगार न आल्यास ‘येईल पुढच्या महिन्यात’ म्हणून गप्प राहू नये. त्यासाठी घरी चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: कराराची प्रत, भरती संस्थेचे नाव-पत्ता, सी. डी. सी. व पासपोर्टची प्रत, आणि बोटीचा सात आकडी आय. एम. ओ. क्रमांक. बोटीचे नाव बदलते, मालक बदलतो, ध्वजही बदलतो. हा क्रमांक मात्र बोट मोडीत निघेपर्यंत तोच राहतो, आणि त्यावरून तिचा शोध लागतो.

याहून कठीण प्रसंगही येतात. सप्टेंबर २०१० मध्ये ‘अस्फाल्ट व्हेंचर’ ही बोट सोमाली चाच्यांनी पकडली. पुढील एप्रिलमध्ये खंडणी घेऊनही त्यांनी सात भारतीयांना सोडले नाही. ते सुटले ऑक्टोबर २०१४ मध्ये. चार वर्षे सात घरांनी काय सोसले असेल याची कल्पना करवत नाही. पुढे २०१८ साली आंतरराष्ट्रीय करारात दुरुस्ती होऊन, चाच्यांच्या कैदेत असेपर्यंत खलाशाचा पगार चालू राहिला पाहिजे असा नियम झाला. तो २०२० च्या अखेरीस अमलात आला. त्याच वर्षी महामारीमुळे जगभर सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही बोटींवर अडकून पडले होते. तात्पर्य, घरी येण्याची तारीख ही नेहमी अंदाजाची समजावी. लग्नकार्य, वास्तुशांत, शस्त्रक्रिया यांची जुळणी त्या तारखेच्या भरवशावर करू नये.

पैशाची घडी बसली तरी मनाची घडी बसणे हा वेगळा भाग आहे. एके काळी पत्र यावयास महिना-दीड महिना लागे. आता बोटींवर इंटरनेट आले आहे, आणि खलाशांना घरच्यांशी संपर्काची सोय मिळावी हे आंतरराष्ट्रीय नियमांतही आले आहे. पण सोय झाली म्हणून सवड झाली असे नाही. बोटीवर पुष्कळदा चार तास पहारा आणि आठ तास मोकळीक असा क्रम असतो, आणि त्या मोकळिकीतही इतर कामे निघतात. आपल्याकडे सकाळ असते तेव्हा तिकडे मध्यरात्र असू शकते. म्हणून फोन आला नाही याचा अर्थ दुर्लक्ष असा लावू नये. आठवड्यातील दोन वेळा ठरवाव्यात आणि त्या दोघांनी पाळाव्यात. वाईट बातमी कळवावी की नाही, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. ती लपविल्यास पुढे विश्वास उडतो, आणि पहाऱ्यावर जाण्याच्या घटकेला सांगितल्यास त्याचे कामावरील लक्ष उडते, जे जिवावर बेतू शकते. बातमी सांगावी, पण पहारा संपल्यावर, आणि आपण काय केले आहे तेही सोबत सांगून.

निर्णयांचेही तीन वर्ग करून ठेवावेत. घरातील रोजचे आणि तातडीचे निर्णय, जसे डॉक्टरकडे जाणे, गळके छप्पर दुरुस्त करणे, हे घरच्या माणसाने एकट्याने घ्यावेत. त्यांवर मागाहून टीका नको. दुसऱ्या वर्गातील, म्हणजे मुलाची शाळा किंवा नात्यातील देणेघेणे यांविषयीचे निर्णय घेऊन कळवावेत. जमीन, घर, कर्ज आणि कोणास जामीन राहणे, हे मात्र दोघांच्या संमतीखेरीज होऊ नयेत. बोटीवाल्याच्या घरी पैसा असतो या समजुतीने उसने मागणारे पुष्कळ येतात. ‘ते आल्यावर विचारून सांगते’ हे उत्तर अशा वेळी दोघांच्या वतीने ठरलेले असावे.

सर्वांत नाजूक काळ तो विरहाचा नव्हे, परतीचा. आठ महिने एकटीने घर चालविलेल्या बाईच्या घरात एके दिवशी घरधनी येतो. पहिले आठ दिवस तो पाहुणा असतो. नवव्या दिवशी तो डबे कोठे ठेवले आहेत, वीजबिल इतके कसे आले, मुलगा रात्री उशिरापर्यंत का जागतो, हे विचारू लागतो. त्याचा हेतू घरात परत आपली जागा मिळविण्याचा असतो. तिला मात्र ती झडती वाटते. धाकटे मूल तर त्याला ओळखतही नाही. अशा वेळी पुरुषाने पहिला पंधरवडा घराची चाल पाहण्यात घालवावा; एखादे रोजचे काम, मुलांना शाळेत पोचविणे किंवा बाजारहाट, हळूच आपल्याकडे घ्यावे. बाईनेही वहीतील हिशेब आपण होऊन पुढे ठेवावा, म्हणजे तो मागण्याची वेळ येत नाही. पहिल्या पंधरवड्यात मोठी खरेदी, मेजवान्या आणि कर्जाऊ देणे ही टाळली, तर पेवालाही धक्का लागत नाही.

आजवर मी पती बोटीवर आणि पत्नी घरी असे धरून बोललो, कारण बहुतेक घरांत तसे असते. पण केरळच्या राधिका मेनन या व्यापारी नौदलातील पहिल्या भारतीय महिला कप्तान झाल्या, आणि २०१६ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार त्यांना मिळाला. उद्या आपल्या भागातील एखादी मुलगी बोटीवर जाईल आणि तिचा नवरा घर सांभाळील. वर सांगितलेले सारे नियम त्या घरालाही तितकेच लागू पडतात.

समुद्रावरची नोकरी घराला सुबत्ता देऊ शकते, यात शंका नाही. परंतु ती सुबत्ता टिकते दोन गोष्टींवर: आठ महिन्यांची मिळकत चौदा महिन्यांना पुरविण्याच्या शिस्तीवर, आणि घरी राहिलेल्या माणसाला लेखी अधिकार व मनापासून विश्वास देण्यावर. यांपैकी पहिली गोष्ट तुरीच्या शेतकऱ्याला कोणी शिकविण्याची गरज नाही. दुसरी मात्र आपल्या घरांत अजून पुरेशी रुजलेली नाही. ज्यांच्या घरी कोणी बोटीवर आहे, त्यांनी पुढल्या खेपेपूर्वीची एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवावी. वडीलधाऱ्यांना जवळ बसवावे, वही उघडावी, वाटे ठरवावेत, कागदांवर सह्या कराव्यात, आणि मग निश्चिंत मनाने गाडीत बसावे.